तुमच्याच स्कूटरवर बसून तुमच्याविरुद्ध

शैलाताई,

काल तुमचं तेरावं झालं. कर्वेनगरच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत इतक्या बायका आल्या होत्या की चपला जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या होत्या. मी कोपऱ्यात उभी राहून एकेकीचे चेहरे बघत होते आणि मनात आलं, इथली जवळजवळ प्रत्येक भुवई तुमच्या हातची आहे. रडून सगळ्यांचे डोळे सुजले होते, पण भुवया मात्र जागच्या जागी होत्या. तुम्ही असतात तर मला कोपराने ढोसून हेच म्हणाला असतात.

जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "प्रणाली, तू बोल ना दोन शब्द. तू त्यांची लाडकी." मागून दुसरा आवाज आला, हळू पण मला ऐकू येईल इतका, "लाडकी खरी, पण ताईंना कामगार ऑफिसात नेलं ते हिनेच."

मी बोलले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन शब्दांत त्या मावल्या नसत्या. म्हणून आज लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. पण तुमच्याशी बोलायची सवय चार वर्षांची आहे आणि ती तेरा दिवसांत जात नाही.

हिंगणघाटहून मी पुण्यात आले तेव्हा माझ्याकडे ब्यूटिशियनच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं आणि बोलण्यात सगळं वऱ्हाड होतं. तुम्ही सर्टिफिकेट बघितलंच नाही. टेबलावर उपडं ठेवलंत, समोर बसलात, डोक्याचा अंबाडा सोडलात आणि म्हणालात, "विंचर." मी विंचरलं. टोकांपासून सुरू करून वर गेले. तुम्ही आरशातून माझ्या हातांकडे बघत होतात. झाल्यावर म्हणालात, "वरून खाली ओढलं असतंस तर आत्ताच्या आत्ता स्टेशनवर सोडून आले असते. उद्या नऊला ये. नऊ म्हणजे नऊ. सव्वानऊला नऊ म्हणायची पद्धत इथे नाही."

पहिल्या महिन्यात तुम्ही माझं किती उणंदुणं काढलंत! मी "काहून" म्हटलं की तुम्ही "का-हून नाही, का" म्हणायचात, आणि शेजारच्या खुर्चीवर थ्रेडिंग करणारी नाझनीन दोरा दातात धरून हसायची. कसब्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ती, तिचं मराठी तुमच्याहूनही टोकदार. एकदा तिनेच तुम्हाला ऐकवलं होतं, "ताई, तिला बोलायला शिकवू नका, मग तुम्हाला ऐकायला शिकावं लागेल." तुम्ही तेव्हा हसला होतात.

होस्टेलचं जेवण मला सोसत नव्हतं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तरी दुसऱ्या आठवड्यापासून तुमच्या डब्यात एक जास्तीची पोळी यायला लागली. "मुग्धा डाएट करते, उरते," असं तुम्ही म्हणायचात. काल मी मुग्धाला विचारलं. ती म्हणाली, "डाएट? मी? अगं, आई मला कणीक भिजवायला लावायची तुझ्यासाठी."

मग केरॅटिन आलं, केस सरळ आणि चमकदार करायचं. म्हणजे ते तुमच्याकडे आधीपासून होतं, पण माझ्या हातात आलं तेव्हापासूनचं मला माहीत. तुम्हीच शिकवलंत. आधी केस धुवायचे, क्रीम लावायचं, वाळवायचे आणि मग बोटभर रुंदीची एकेक बट घेऊन गरम मशीनमधून सात-आठ वेळा ओढायची. प्रत्येक ओढीबरोबर पांढरा धूर निघायचा. ते काम आपण मागच्या खोलीत करायचो, पडद्याच्या आड, दार लावून. पंख्याने बट उडते आणि मशीन गार होतं म्हणून पंखा बंद. खिडकीला एसी बसवलेला, म्हणून खिडकी कायमची बंद. गिऱ्हाइकाला झोंबलं तर डोळ्यांवर ओला नॅपकिन द्यायचो. आपल्या डोळ्यांवर ठेवता येत नव्हता, आपल्याला बघायला लागायचं.

माझा हात त्यात बसला. लग्नसराईत मुली माझं नाव घेऊन यायला लागल्या. तुम्ही ओळख करून द्यायचात, "ही आमची केरॅटिनवाली." मला अभिमान वाटायचा, खोटं का सांगू. आईला फोनवर सांगितलं होतं की एवढ्या मोठ्या शहरात मला नावाने विचारतात.

आधी डोळ्यांतून पाणी यायचं. मग घसा जळायला लागला. मग खोकला, आणि मग होस्टेलचे दोन जिने चढताना छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही लवंग आणि खडीसाखरेची पुडी दिलीत. "सगळ्यांनाच होतं. सवय होते," म्हणालात. बाटली फिरवून दाखवलीत. त्यावर ठळक छापलेलं होतं की यात फॉर्मालिन नाही. "हे बघ, लिहिलंय ना? मी काय तुला विष देईन का?"

नाही दिलं असतंत. ते मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच तर सगळं अवघड होतं.

तो शनिवार तुम्हाला आठवत असेल. मागच्या खोलीत एका नवरीचं अर्धं डोकं झालं होतं आणि मला श्वास आत घेताच येईना. बाहेर सोडता येईना. मी मशीन स्टँडवर ठेवलं, तेवढं भान होतं, आणि पडदा सारून थेट फुटपाथवर गेले. झाडाच्या पाराला धरून उभी राहिले. तुम्ही मागून आलात, माझ्या पाठीवर हात फिरवलात, नाझनीनला माझ्याजवळ उभं केलंत आणि आत जाऊन ते डोकं पूर्ण केलंत. गिऱ्हाईक गेल्यावर दुकानाला कुलूप लावलंत. शनिवारी दुपारी तुम्ही कुलूप लावलंत, ताई! मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंत.

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "पार्लरमध्ये आहे माझ्याकडे. एसीत बसून हलकं काम."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. धुळीची ॲलर्जी असेल म्हणाले, पंप दिला. परतताना तुम्ही शहाळं घेऊन दिलंत, वाटेत दोनदा विचारलंत बरं वाटतंय का. माझा हात तुमच्या हातात होता. मी तुमच्याकडे बघत होते आणि मला कळत नव्हतं की याच बाईने आत्ता माझ्या तोंडावर हात ठेवला का.

पुढच्या आठवड्यात मी एकटी गेले. बाटलीचा फोटो दाखवला, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. सुट्टीच्या दिवशी कसं असतं? आणि गावी गेल्यावर? मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मी तसा विचारच केला नव्हता. सोमवारी पार्लर बंद, सोमवारी खोकला कमी. मामेबहिणीच्या लग्नाला आठ दिवस हिंगणघाटला होते, मांडवात धूळ होती, चुलीचा धूर होता, आणि मी एकदाही खोकले नव्हते.

"बाटलीवर काहीही छापतात," डॉक्टर म्हणाले. "गरम केल्यावर त्यातून काय निघतं ते बाटलीवर नसतं. हे काम तुम्हाला चालणार नाही. आत्ता थांबलात तर बरं होईल. नाही थांबलात तर कायमचं बसेल." आणि चिठ्ठी लिहून दिली.

त्या रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "मंग काहून करतेस वं तसलं काम? ये घरी." घरी जाऊन काय करायचं हे तिलाही माहीत नव्हतं.

चिठ्ठी तुम्हाला दिली. तुम्ही चष्मा लावून वाचलीत, ड्रॉवरमध्ये दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवलीत आणि म्हणालात, "बघू." दुसऱ्या दिवशी अकराला माझ्या नावावर केरॅटिन लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "ताई, मी नाही करणार."

"मग काय करणार?"

"बाकी सगळं. थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल, कटिंग."

"ते करायला नाझनीन आहे. मला दोन-दोन नाझनीन नको आहेत." तुमचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढायचा नाही. "मी तुला जा म्हणत नाही. पण दुकान कशावर चालतं ते तुला माहितीये. तुझं तू बघ आता."

"तुझं तू बघ" म्हणजे काय ते मला कळलं. मी टॉवेलच्या घड्या घालायला लागले.

नाझनीन मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, "तोंडी सांगितलेलं ताईंना ऐकू जात नाही. लेखी दे." मला ते फार वाटलं. जिने मला विंचरण्यापासून शिकवलं, पोळी खाऊ घातली, तिला अर्ज द्यायचा? नाझनीन म्हणाली, "पोळीबद्दल धन्यवाद वेगळ्या कागदावर लिही. हे छातीबद्दल आहे."

तिच्या भावाच्या ओळखीने आम्ही कामगार कार्यालयात चौकशीला गेलो. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, दुकान लहान आहे, मोठ्या कारखान्याला लागतात ते सगळे नियम इथे लागतीलच असं नाही. पण म्हणून गप्प बसायचं कारण नाही. अर्ज लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, एक प्रत मालकिणीला देऊन पोच घ्या, एक इथे द्या. दोघींना समोरासमोर बसवतो.

मी रात्री जागून अर्ज लिहिला. "मला केरॅटिनचे काम करताना स्वास घेण्यास त्रास होतो. डॉक्टरांनी सदर काम बंद करण्यास सांगितले आहे. तरी मला दुसरे काम द्यावे, खोलीत हवा येण्याची सोय करावी व या कारणावरून मला कामावरून कमी करू नये, ही विनंती."

सकाळी नऊला दिला. तुम्ही उभ्यानेच वाचलात. बराच वेळ वाचत होतात, इतका मोठा तो नव्हता. मग म्हणालात, "पोस्टाने पाठवायचास. रजिस्टर करून. समोर राहून दिलास, खर्च वाचवलास." मी मान खाली घातली. तुम्ही पेन घेतलंत. मी "स्वास" लिहिलं होतं. तुम्ही स खोडून वर श काढलात, श्वास, खाली "मिळाले" लिहिलंत, सही केलीत, वेळसुद्धा घातलीत. नऊ वाजून दहा मिनिटं.

त्यानंतर अकरा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. "नाझनीन, तिला सांग टॉवेल संपलेत." मी शेजारीच उभी असायचे. नाझनीन वळून मला सांगायची, "टॉवेल संपलेत असं कळवण्यात येत आहे." तुम्हाला हसू यायचं, तुम्ही तोंड फिरवायचात, ते मला आरशात दिसायचं. केरॅटिन तुम्ही स्वतः करत होतात. माझ्या नावावर एकही लिहिलं नाहीत. पण डब्यातली जास्तीची पोळी काही थांबली नाही. नाझनीनमार्फत यायची.

कामगार ऑफिसात दोघींना बोलावलं होतं त्या दिवशी मी वनाजकडे जायच्या रस्त्यावर बसची वाट बघत उभी होते. तुमची स्कूटर माझ्या पुढे जाऊन थांबली. तुम्ही मागे न बघता म्हणालात, "बस. एकाच ठिकाणी जायचंय ना?"

मी बसले. जगात कुठली कामगार मालकिणीच्या स्कूटरवर बसून मालकिणीविरुद्धच्या सुनावणीला गेली असेल? सिग्नलला थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "ओढणी सांभाळ, चाकात जाईल." अकरा दिवसांनी तुम्ही माझ्याशी थेट बोललेलं ते दुसरं वाक्य.

आत एका टेबलासमोर आपल्याला शेजारी बसवलं. अधिकारी पन्नाशीचे होते, शांत. त्यांनी अर्ज वाचला, चिठ्ठी वाचली, तुम्हाला म्हणाले, "मॅडम, आपलं काय म्हणणं?"

तुम्ही पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होतात. मला वाटलं तुम्ही म्हणाल, मुलगी कामचुकार आहे. किंवा हलकं काम. तुम्ही म्हणालात, "खरं आहे तिचं."

त्यांनी अर्जावरून नजर वर केली. तुम्ही पुढे बोलायला लागलात, भराभर, जसं मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. "मलाही होतं. दहा वर्षं होतंय. रात्री उठून बसावं लागतं. डोळ्यांत थेंब घालून दुकान उघडते मी. हिने अर्ज केला. मी कोणाकडे करू? माझी मालकीण कोण? गिऱ्हाईक मागतं, शेजारची करते, मी नाही केलं तर ती तिकडे जाते. तुम्ही सांगा, मी कुठल्या टेबलावर जाऊ?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी माझ्याकडे टेबल नाही. ते नाही हे वाईट आहे. पण एक फरक आहे. ते काम बंद करायचं की नाही हे तुम्ही उद्या सकाळी ठरवू शकता. ही मुलगी ठरवू शकत नाही, तिला फक्त नाही म्हणता येतं. तेवढं तिचं नाही म्हणणं राहू द्या."

तुम्ही मान हलवलीत. कागदावर तीन गोष्टी लिहिल्या गेल्या. मला केरॅटिन द्यायचं नाही. खोलीत हवा बाहेर टाकणारा पंखा बसवायचा. मला काढायचं नाही. तुम्ही सही केलीत, मी केली. बाहेर आल्यावर तुम्ही स्कूटरला किल्ली लावलीत आणि म्हणालात, "भूक लागलीये. मिसळ खाणार का विरोधी पक्ष?"

मी तुमच्यासमोर बसून रडत मिसळ खाल्ली. तुम्ही वेटरला सांगितलंत, "तिखट लागलंय तिला."

ताई, तिथे आपलं भांडण संपायला हवं होतं. गोष्टींत संपतं. आपलं तिथे खरं सुरू झालं.

पंखा बसला. आपण तिघी बुधवार पेठेत जाऊन घेतला, तुम्ही दुकानदाराला त्याचा आवाज ऐकवायला लावलात. मला तीन महिन्यांत फरक पडला. पंप कधीतरीच लागायचा. जिने चढून गेल्यावर शिट्टी नाही. आणि तुम्ही त्या खोलीत माझंही काम करायला लागलात. माझी होती तीही डोकी आता तुमच्याकडे. मी बाहेर भुवया कोरायचे आणि पडद्यामागून तुमचा खोकला ऐकायचे.

तेव्हापासून दीड वर्षं मी तुमच्या मागे लागले होते. ताई, बंद करा. ताई, दिवसाला एकच घ्या. ताई, निदान मास्क घाला. कापडाचा नाही, खरा, दोन्ही बाजूंना डबे असलेला. तुमच्या वाढदिवसाला मी तो आणून दिला. तुम्ही तो घालून आरशासमोर उभ्या राहिलात आणि त्याच्या आतून म्हणालात, "आता मी केस करू का विमान चालवू?" दोनदा घातलात. मग तो खुंटीला लटकत राहिला. गिऱ्हाईक घाबरतं म्हणालात. चष्म्यावर वाफ येते म्हणालात. मी फार बोलले की तुमचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "तुझं नाही म्हणणं मी राहू दिलं ना? मग माझं हो म्हणणं राहू दे."

मी परत बाहेर भुवयांकडे जायचे. साहेब म्हणाले होते तुम्ही उद्या सकाळी ठरवू शकता. मी जवळून बघितलं, तुम्हाला ठरवता येत नव्हतं. मुग्धाचं शिक्षण, दुकानाचं भाडं, मुग्धाचे बाबा गेल्यापासून एकटीने ओढलेलं सगळं. हक्क माझ्या बाजूने होता, आणि त्या हक्काने वाचलेला धूर तुमच्या वाट्याला गेला. हे मला सुनावणीत कळलं नाही. ते मला पडद्याच्या बाहेर उभं राहून, रोज थोडं थोडं कळलं. पुष्कळदा वाटायचं, अर्जात "मला त्रास होतो" असं लिहिलं, "आम्हाला" असं लिहायला हवं होतं. चाललं असतं की नाही कोण जाणे. निदान तुम्हाला तो शब्द खोडून दुरुस्त तरी करावा लागला असता.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाच झाले होते आणि तुमचं तिसरं केरॅटिन उरलं होतं. तुम्ही भिंतीला हात लावून खोकत होतात. मी म्हटलं, "ताई, आजचं एक तरी सोडा. मी फोन करून सांगते त्यांना."

तुम्ही म्हणालात, "तू तुझ्या आयब्रो कर."

मला राग आला. सहाला मी पर्स उचलली आणि निघाले. रोज निघताना "येते ताई" म्हणायचे, त्या दिवशी म्हटलं नाही. पडद्याआड मशीनचा आवाज चालू होता, तुमच्या लक्षातही आलं नसेल. किंवा आलं असेल. सोमवारी पार्लर बंद. मंगळवारी सकाळी आठ वाजता मुग्धाचा फोन आला. चहा करता करता ओट्यापाशी खाली बसलात म्हणाली. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्याचा त्या खोलीशी संबंध होता असं कोणी म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. जे माहीत आहे तेवढंच मी इथे लिहिते आहे.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या अर्जाबद्दल मी तुमची माफी कधी मागितली नाही आणि आताही मागत नाही. काल त्या बायकांमध्ये उभी असताना मला ती मागावीशी वाटली, क्षणभर. मग मी जिना उतरून खाली गेले आणि परत वर आले, मुद्दाम, आणि मला धाप लागली नाही. तो श्वास मी मागून घेतलेला आहे. तुम्ही सही करून दिलेला आहे. त्याची माफी कशी मागू? त्यासाठी आभार मानायचे असतात, आणि ते मी मानलेच नाहीत. त्या दिवशी मिसळ खाताना म्हणता आलं असतं. तोंडात घास होता.

तेराव्यानंतर मुग्धाने मला आणि नाझनीनला थांबवून घेतलं. म्हणाली, "मला जॉब सोडून पार्लर नाही जमणार, प्रणाली. तुम्ही दोघी चालवा. आईला तेच हवं असणार, आय थिंक." आणि तुमची अपॉइंटमेंटची वही माझ्या हातात दिली. तुमच्या अक्षरात पुढचा सगळा महिना भरलेला आहे. नावांपुढे के, के, के. केरॅटिनसाठी तुम्ही एवढंच लिहायचात.

मी आणि नाझनीनने रात्री ठरवलं. ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आज सकाळी नऊला दुकान उघडून मी फोन करायला बसले. प्रत्येकीला आधी सांगायचं की शैलाताई गेल्या. मग त्यांचं हळहळणं ऐकायचं. मग सांगायचं की केरॅटिन आपल्याकडे यापुढे होणार नाही. दोघी-तिघींनी ठीक आहे म्हटलं. एकीने विचारलं मग आता मी कुठे जाऊ, माझं लग्न अठरा दिवसांवर आहे. मी सांगितलं, साध्या ब्लो ड्रायने छान करून देते, येऊन बघ.

सातवा फोन तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाला, वर्षातून दोनदा येणाऱ्या काकूंना. त्या चिडल्या. "असं कसं एकदम बंद? शैला तर म्हणायची काही होत नाही त्याने."

मी म्हटलं, "त्यांना व्हायचं, काकू. त्या सांगायच्या नाहीत."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

मग काकू म्हणाल्या, "माहितीये गं मला. समोर आरसाच तर असायचा. डोळे पुसत पुसत करायची माझे केस. मी विचारलं नाही कधी."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. नाझनीनने माझ्या बाजूला पाण्याचा ग्लास ठेवला. मी पाणी प्यायले, वहीत तुमच्या अक्षरातलं पुढचं नाव बघितलं आणि नंबर लावला.